पंचरंगी चेंडू आणि मासवणचं खळं

मित्रांनो, मी फुटबॉल आहे. इतका जुना, की आता मला फुटबॉल म्हणताना लोक जरा अडखळतात. बोईसरच्या एका छोट्या चर्चच्या हॉलमध्ये लोखंडी कपाट आहे. त्याच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात माझा मुक्काम असतो. शेजारी नाताळच्या चांदण्या, घडी घातलेल्या सतरंज्या आणि एक मोडकी बाजाची पेटी. नाताळ जवळ आला की चांदण्या बाहेर जातात. कुणाचं लग्न असलं की सतरंज्या जातात. पेटीकडे बघून कुणी ना कुणी म्हणतंच, की हिला एकदा दुरुस्त करून आणायला हवी. माझ्याविषयी मात्र कुणी काही म्हणत नाही. तुम्ही थांबलात, म्हणून बोलतो आहे. ऐकणारं कुणी भेटलं की माझी गाडी घसरते, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म जालंधरकडचा. कारखान्यात माझे तुकडे कापले आणि शिवायला एका बाईच्या घरी पाठवले. तिनं घट्ट, एकसारखे टाके घातले आणि शेवटी मला गालाला लावून पाहिलं, कुठे कड टोचत तर नाही ना. मला वाटलं, जगात आता आपलं असंच होणार. सगळे गालाला लावणार. फुटबॉलच्या नशिबात काय असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्या अंगावर पाच रंग होते. मुंबईतल्या एका ख्रिस्ती मंडळीनं माझ्यासारखे चेंडू मुद्दाम बनवून घेतले होते. काळा म्हणजे पाप, लाल म्हणजे येशूचं रक्त, पांढरा म्हणजे धुतलेलं मन, हिरवा म्हणजे वाढ आणि पिवळा म्हणजे स्वर्ग. मुलांना आधी खेळवायचं आणि मग एकेका रंगावर बोट ठेवून प्रभूची गोष्ट सांगायची, अशी योजना. मला तर आभाळ ठेंगणं झालं. लाथा सगळेच चेंडू खातात. लाथा खाऊन वर गोष्ट सांगणारा आपण एकटेच, असा माझा तोरा होता.

बोईसरमध्ये मी प्रीतम सरांच्या हाती आलो. प्रीतम साळवे. त्यांचे वडील नगरकडून तारापूरच्या कारखान्यात कामाला आले होते, त्यामुळे सर लहानाचे मोठे कारखान्याच्या वसाहतीतच झाले. शाळेत ते खेळाचे शिक्षक होते आणि रविवारी मंडळीत तरुणांचं काम बघत. आईवडील गेलेले, लग्न झालेलं नाही. संध्याकाळी खोलीवर आले की मला खाटेखाली ढकलून देत आणि एकटेच जेवत. कधी कधी जेवताना माझ्याशी बोलत. चेंडूशी बोलणारा माणूस किती एकटा असेल, ते मी तुम्हाला सांगायला नको.

वसाहतीतल्या मोकळ्या जागेत मी पहिली दोन वर्षं मजेत काढली. तिथे बिहारची मुलं होती, लातूरची होती, जळगावची होती. सगळी मिळून हिंदीत ओरडत. कुणाच्या तरी खिडकीवर मी आदळायचो, कुणीतरी शिव्या घालायचं, मुलं पळायची. रंगांची गोष्ट अर्धी मुलं ऐकून घ्यायची, अर्धी नाही. सर रागवत नसत. कौतुकही होतं, लाथाही होत्या. एका फुटबॉलला आणखी काय हवं?

मग दिवाळीच्या सुट्टीत सरांनी ठरवलं, की आता गावाकडे जायचं. मासवणच्या बाजूला एका पाड्यावर त्यांची ओळख होती. पाड्याचे जाणते होते नामदेव पाटील. सरांनी त्यांना शाळेच्या कामानिमित्त भेटून विचारलं, की पोरांना खेळवायला येऊ का. नामदेवबाबा म्हणाले, या की. झालं. कुठे खेळवणार, काय खेळवणार, ते सरांनी सांगितलं नाही आणि बाबांनीही विचारलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा मोठी माणसं शेतात होती. भात कापून झालं होतं आणि भारे वाहायचं काम चालू होतं. चहूकडे पायाला टोचणारे भाताचे खुंट आणि मध्ये बांधच बांध. सरांचा चेहरा उतरला. इथे फुटबॉल कुठे खेळायचा? इतक्यात त्यांना कडेला एक जागा दिसली. सपाट, चोपून घट्ट केलेली, शेणानं सारवलेली, पाटासारखी स्वच्छ. सर भारावून गेले. त्यांना वाटलं, आपण येणार म्हणून गावानं मैदान करून ठेवलं! त्यांनी तिथेच डोळे मिटून देवाचे आभार मानले.

मित्रांनो, तुमच्यातली जी मुलं खेड्यात वाढली असतील, त्यांना आता हसू आलं असेल. ते खळं होतं. तिथे भात झोडायचं असतं, त्याची रास घालायची असते. वर्षभराचं अन्न घरात जाण्याआधी तिथे उतरतं, म्हणून तिथे कुणी चपला घालून जात नाही. वसाहतीत वाढलेल्या माणसाला हे कुठून ठाऊक असणार? तांदूळ त्याच्या घरी दुकानातून आलेला.

मुलं जमली. सरांनी मला दोन्ही हातांत धरलं आणि आधी रंगच विचारले. पिवळा बघून काय आठवतं? मागून एक सडपातळ मुलगी म्हणाली, हळद. हिरवा? चुडा. लाल? कुंकू. काळ्याला ती म्हणाली काळी पोत आणि पांढऱ्याला अक्षता. मग तिनं निकाल दिला, "सर, हा लग्नाचा चेंडू हाय." सगळी मुलं हसली. सरही हसले, पण मनात गोंधळले. त्यांच्या गोष्टीला जागाच उरली नव्हती. मी मात्र खूश झालो. एका अंगावर दोन गोष्टी!

त्या मुलीचं नाव उत्कर्षा. दहा-अकरा वर्षांची असेल. आई-वडील वीटभट्टीवर लांब गेलेले, म्हणून ती आजीपाशी राहायची.

मुलांनी खळ्याच्या कडेला आपणहून चपला काढल्या. सरांना वाटलं, बिचाऱ्यांना बुटांची सवय नाही. मंडळीनं गोळा करून दिलेले कॅनव्हासचे बूट त्यांनी पिशवीतून काढले आणि एकेकाला घालायला लावले. मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. पण पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? मास्तर सांगतायत म्हणजे चालत असेल. त्यांनी बूट घातले.

आता मी जे सांगतो, ते मी कुणाला सांगितलेलं नाही. खेळ सुरू झाला, तेव्हा बाकीची मुलं माझ्यामागे नुसती धावत होती, वासरामागे धावावं तशी. उत्कर्षा धावली नाही. मी तिच्याकडे आलो, तिनं पाय पुढे केला आणि मला थांबवलं. हळूच. शिवणाऱ्या त्या बाईनंतर मला इतकं हळुवार कुणी हात लावला नव्हता, आणि इथे तर पाय होता. तिनं मला उजवीकडे नेलं, डावीकडे नेलं, दोन मुलग्यांच्या मधून काढलं. तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिचे डोळे असे झाले होते, की मला वाटलं, हिला आज काहीतरी सापडलं. मलाही सापडलं होतं. एखादा पाय आपला असतो, हे त्या दिवशी मला कळलं.

मग तिनं मला जोरात मारलं. गोल म्हणून ठेवलेल्या विटांच्या बाजूनं मी निघून गेलो आणि कोपऱ्यात त्या हंगामाची पहिली छोटी रास होती, तिच्यात जाऊन रुतलो. उत्कर्षा धावत आली आणि बुटांनिशी राशीत शिरली.

त्याच वेळी तिची आजी, गोजराबाई, डोक्यावर भारा घेऊन आली. खळं तिचंच होतं. तिनं भारा खाली ठेवला. नातीचा हात धरून तिला बाहेर घेतलं, खाली बसून स्वतः तिचे बूट काढले आणि खळ्याबाहेर ठेवले. आरडाओरडा नाही, काही नाही. मग सरांकडे बघून म्हणाली, "पाव्हनं, ही आमची जेवायची जागा हाय. तुमी ताटात नाचलात."

सरांनी बूट काढले, हात जोडले. पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. संध्याकाळपर्यंत पाड्यावर बोलणं सुरू झालं, की हा माणूस खळं बाटवायलाच आला होता, चेंडूवर त्यांच्या देवाचे रंग आहेत, मुलांना डोळे मिटायला लावणार होता. दुसऱ्या दिवशी सर एकटे नामदेवबाबांच्या ओटीवर जाऊन बसले. मी मोटारसायकलला टांगलेल्या पिशवीत होतो. बाबांनी सरळ विचारलं, "तुमी खेळवायला येता, का देव सांगायला?"

 सर म्हणाले, "मी येशूला मानतो, म्हणूनच येतो. ते लपवणार नाही. पण पोरांवर काही लादणार नाही. कुणी विचारलं, तर सांगेन."

"मंग इचारल्याबिगर सांगू नका," बाबा म्हणाले. "आन् खेळायचं तर आमचं खेळा. आमची पोरं कबड्डी खेळतात."

सरांनी ते मनापासून घेतलं. बोईसरला आल्यावर त्यांनी मला धुतलं, पुसलं आणि कपाटात ठेवलं. मला वाटलं, आठवडाभराचा प्रश्न आहे.

पुढच्या वेळी ते पाड्यावर गेले ते अनवाणी आणि रिकाम्या हातांनी. देवळासमोरच्या माळावर मुलांनी त्यांना कबड्डी शिकवली. शिकवली म्हणजे आडवं पाडलं. सर खरचटलेले गुडघे घेऊन परत यायचे आणि हसत असायचे. पहिल्या दिवशी बाबांनी गावदेवीला नारळ फोडला, तेव्हा सर बाजूला हात जोडून उभे राहिले. मुलं खेळाआधी मातीला हात लावून कपाळाला लावतात, तर त्यांनी प्रार्थना बंद करून तेच ठेवलं. सगळ्यांनी थोडा वेळ गप्प उभं राहायचं आणि आपापल्या देवाला आठवायचं. स्वतःची प्रार्थना ते मनोरच्या रस्त्यावर, एका झाडाखाली मोटारसायकल थांबवून आधीच करून घ्यायचे. पाडा हळूहळू निवळला. पुढे पुढे तर दुखलंखुपलं की लोक सरांनाच फोन करत.

आमच्या चर्चच्या पाळकांना आधी हे पटलं नाही. देवाचं वचन सांगायचं नाही तर जायचं कशाला, असं ते म्हणाले. पण सरांनी चिकाटी सोडली नाही. समुद्रकाठच्या मुरब्याला गेले, तर आधी कोळीवाड्यात बसून ऐकून घेतलं. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात त्या मासेमारीबंदीच्या महिन्यांत पोरं मोकळी असतात, नारळी पौर्णिमेनंतर कुणाला वेळ नसतो, हे समजून घेतलं. तिथे ओल्या वाळूवर टेनिसच्या चेंडूचं क्रिकेट जमवलं. तो हिरवा, केसाळ, मुठीएवढा चेंडू! त्याला सरांच्या खिशात जागा. मी कपाटात. मला राग आला नाही, असं म्हटलं तर खोटं होईल.

बघता बघता सरांचं नाव झालं. दूरदूरच्या मंडळ्यांतले तरुण शिकायला बोईसरला येऊ लागले. प्रत्येक जागेचा खेळ वेगळा, वेळ वेगळी, मान वेगळा, आधी ते बघा, मग तोंड उघडा, असं सर त्यांना शिकवत. चांगलंच शिकवत. आणि शिकवताना कपाट उघडून मला बाहेर काढत. मला वर धरत आणि म्हणत, "ही माझी चूक."

मित्रांनो, माझं नाव हेच पडलं. सर, ती चूक दाखवा ना, असं लोक म्हणत. मी हातोहात फिरायचो. कुणी रंग बघायचं, कुणी हसायचं. मग पुन्हा कपाट. ज्याला लाथा खायला बनवलं, त्याला लोक जपून धरतात, तेव्हा किती एकटं वाटतं! लाथेत निदान पलीकडे कुणीतरी असतं.

उत्कर्षाचं मला पुढे फार थोडं कळलं. ती कबड्डीला यायची. हाडं काटकुळी, पहिल्या झटक्यात पकडली जायची आणि मग रेषेबाहेर बसून राहायची. एकदा शिकायला आलेल्या कुणाला तरी दाखवायला म्हणून सरांनी मला पाड्यावर नेलं होतं. मी बंद पिशवीत होतो. तिचा आवाज मी ओळखला.

"सर, तो चेंडू हाय का अजून?"

सरांना वाटलं, तिला अपराधी वाटतंय. ते मायेनं म्हणाले, की त्याची आठवण काढू नको, तुझी काही चूक नव्हती, आणि गावाला ते आवडत नाही. पुढच्या खेपेला तिनं पुन्हा विचारलं, असं सर हॉलमध्ये कुणाला तरी सांगत होते. मग विचारणं थांबलं. मी पिशवीत, ती बाहेर, मध्ये एक चेन. चेंडूला ओरडता येत नाही, याचं दुःख मला तेव्हा जेवढं झालं, तेवढं कधीच झालं नाही.

कपाटात वर्षं कशी जातात, सांगू? जात नाहीत. माझ्यातली हवा थोडी थोडी निघून गेली. पावसाळ्यात अंगावर बुरशी आली. आतला रबर एका घडीवर दबून राहिला आणि तिथेच तडकला. पिवळा रंग आधी उडाला, मग हिरवा.

गेल्या महिन्यात हॉलमध्ये पुन्हा शिकवणीचा दिवस होता. सरांचे केस आता कानाजवळ पांढरे झाले आहेत. त्यांनी या वेळी पाड्यावरच्या जुन्या खेळाडूंपैकी एकीला बोलावलं होतं. आपल्या कामानं गावाला काय मिळालं, ते गावातल्याच माणसानं सांगावं, म्हणून. ती पहिली पाळी संपवून तारापूरच्या कारखान्यातून थेट आली होती. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला डबा. मी टेबलावर होतो. तिनं आत येताना आधी मला पाहिलं आणि मग सरांना नमस्कार केला. तेव्हा मी तिला ओळखलं.

सरांनी नेहमीसारखं मला वर धरलं, खळ्याची गोष्ट सांगितली, ही माझी चूक म्हणाले. लोक हसले. मग ते म्हणाले, उत्कर्षा, तू दोन शब्द बोल.

ती उभी राहिली. बोलायची सवय नव्हती, म्हणून टेबलाची कड धरली.

"सर चांगले हायेत," ती म्हणाली. "आमाला कदी कमी लेखलं नाय. पन चेंडूची चूक नव्हती, सर. खळ्यात भात व्हतं, येवढंच. आजीनं दुसऱ्या दिवशी सारवून घेतलं. मला म्हनाली, भात घरात येऊ दे, मंग तुझ्या त्या सरांना बोलव आन् ह्याच खळ्यात खेळ. खळं मंग मोकळंच असतं."

 सरांचा माझ्यावरचा हात सैल झाला.

"मला तू बोलली नाहीस," ते म्हणाले.

"बोलले ना. चेंडू हाय का, म्हनून दोनदा इचारलं. तुमी म्हनलात, गावाला आवडत नाय." तिनं टेबलाची कड सोडली. "तुमी गावाला इचारलंत, सर. मला नाय इचारलंत."

मित्रांनो, हे मलाही ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होतो, की गावानं मला टाकलं. एका म्हाताऱ्या बाईनं मला बोलावलं होतं आणि एक पोर माझी वाट बघत होती. ओटीवरच्या पुरुषांना विचारून झालं, की गावाला विचारून झालं, असं सर धरून चालले. वाईट माणूस नाही तो. चांगल्या माणसाकडूनच असं होतं, कारण आपण ऐकून घेतलं याची त्याला खात्री असते.

सरांनी मला तिच्यापुढे धरलं. घेऊन जा म्हणाले.  तिनं मला हातात घेतलं आणि अंगठ्यानं दाबलं. अंगठा आत गेला तो आतच राहिला. कुणीतरी पंप आणला. दोन दट्टे मारले आणि भरलेली हवा तडकलेल्या रबरातून फुसफुसत निघून गेली. सर म्हणाले, मी उद्याच नवा आणतो.

"मला नको, सर," ती म्हणाली. "आता पाळी असते. घरी गेलं की पाय दुखतात." तिनं मला टेबलावर परत ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं. मग ओळखपत्र आत घातलं आणि मासवणची गाडी गाठायला निघून गेली. सर हॉलमध्ये बसून राहिले. त्या दिवशी शिकवणी पुढे झाली नाही.

परवा सर पाड्यावर गेले आणि म्हणे मुलींना एकेकीला बाजूला बसवून विचारून आले. त्यांनी काय सांगितलं, ते मला कसं कळणार? मी इथेच आहे, सतरंज्यांच्या शेजारी. मला दुरुस्त करता येत नाही आणि टाकून द्यायला सरांचा हात होत नाही.

तेव्हा मित्रांनो, घरात चेंडू असेल तर त्याला कपाटात ठेवू नका. न खेळलेला चेंडू लवकर मरतो. आणि उद्या तुम्ही मोठे होऊन कुणाच्या गावी काही चांगलं करायला गेलात, तर जाणत्यांना विचारा, त्यांचं ऐका, त्यांच्या खळ्यात चपला काढा. पण रेषेबाहेर कुणी एकटं बसलेलं दिसलं, तर त्याच्याजवळ जाऊन त्यालाही विचारा. त्याच दिवशी विचारा. माझं काय, माझ्यासारखे चेंडू बाजारात ढिगानं मिळतात. पण ज्या पोरीला माझ्याशी खेळायचं होतं, ती मोठी होऊन कामाला लागली.